नॉन-वूव्हन बेल्ट: स्टील पॉलिशिंगचा गाळा टाकण्याआधी एवढं समजून घ्या



मागच्या व्हिडिओत स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी पाइपचा वेल्ड केलेला कोपरा घासून मॅट फिनिशला आणून दाखवला होता. व्हिडिओत हात चालताना दिसतो, पण बेल्ट कुठला घेतला, मशीनचा वेग किती ठेवला, खर्च कसा धरायचा, हे बोलता बोलता निसटून जातं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. फॅब्रिकेशनमध्ये हात बसलाय आणि आता स्वतःचं पॉलिशिंग-फिनिशिंगचं जॉबवर्क सुरू करायचंय, अशा मुला-मुलींसाठी हा लेख आहे. ज्यांचा गाळा आधीच चालू आहे त्यांनी वेगाचा आणि हिशोबाचा भाग तरी वाचा.

आधी सांगतो की या कामाला आपल्याकडे गिऱ्हाईक का आहे. माझं दुकान नाहूरला. एलबीएस मार्गाचा हा भांडुप-नाहूर-मुलुंड पट्टा एके काळी कारखान्यांचा. भोंगा वाजला की रस्ता माणसांनी भरायचा, असं जुने लोक सांगतात. त्यातल्या बऱ्याच जागांवर आता टॉवर आणि मॉल उभे आहेत. कारखाना गेला म्हणून हळहळ वाटतेच, पण धंद्याच्या नजरेने बघा: प्रत्येक टॉवरमध्ये जिन्याचं रेलिंग, लिफ्टभोवतीची पट्टी, लॉबीतले खांब, गच्चीवरचा कठडा. बहुतेक सगळं स्टेनलेस स्टीलचं. त्यात हॉटेलची किचन टेबलं, हॉस्पिटलची ट्रॉली, देवळातलं रांगेचं रेलिंग आणि दानपेटी धरा. वसईकडे औषध कंपन्यांची मशिनरी बनवणारे आहेत, त्यांना तर फिनिश मोजून लागतं. फॅब्रिकेशन करणारे गल्लोगल्ली आहेत. नीट, एकसारखं फिनिश करून देणारे मात्र बोटावर मोजण्याइतके. जागा तिथे आहे.

हा बेल्ट असतो तरी काय?

तुम्ही रोज बघता ती वस्तू आठवा. भांडी घासायची हिरवी घासणी. तीच नॉन-वूव्हन अ‍ॅब्रेसिव्ह. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने स्कॉच-ब्राइट नावाने ही जात बाजारात आणली आणि आपल्याकडे घासणीलाच लोक स्कॉच-ब्राइट म्हणू लागले. कल्पना मात्र आपल्या आजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. नारळाची शेंडी घ्यायची, तिच्यावर राख घ्यायची आणि पितळेचं पातेलं घासायचं. शेंडीचे धागे लवचिक, राखेचे कण कडक. धागा वाकतो, पातेल्याच्या गोलाईबरोबर फिरतो, आणि कण घासायचं काम करतो. काळेपणा निघतो, पण पातेल्याला भोक पडत नाही.

नॉन-वूव्हन बेल्टमध्ये शेंडीच्या जागी नायलॉनचे धागे असतात. ते विणलेले नसतात, एकमेकांत गुंतवलेले असतात. त्यांच्यावर राळेसारखं रेझिन आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण. कण फक्त वरच्या थरात नसून पूर्ण जाडीत पसरलेले असतात. बेल्ट ताण सहन करू शकावा म्हणून आत किंवा मागे मजबूत जाळी अथवा कापड असतं.

साधा एमरी बेल्ट म्हणजे कापडावर एकच थर कणांचा. तो नवा असताना कापतो, मग कण बोथट होतात, धातूची भुकटी अडकते, बेल्ट चकचकीत होऊन नुसता गरम करत बसतो. नॉन-वूव्हन बेल्ट झिजतो तसे आतले नवे कण वर येत राहतात. त्यामुळे त्याचं काम बराच वेळ बऱ्यापैकी सारखं राहतं.

(जाता जाता एक गंमत. आज ग्राइंडवेल नॉर्टन म्हणून जी मोठी अ‍ॅब्रेसिव्ह कंपनी आहे, तिची सुरुवात १९४१ मध्ये भाऊच्या धक्क्यासमोर, पलीकडे उरणजवळच्या मोरा इथल्या छोट्या कारखान्यात झाली. दुसरी मोठी कंपनी, कार्बोरंडम युनिव्हर्सल, १९५४ची आणि मद्रासची. मोठ्या कंपन्याही गाळ्याएवढ्या जागेतून निघतात, एवढ्यासाठी सांगितलं.)

सगळा गोंधळ इथे होतो

माझ्या काउंटरवर येणाऱ्या दहा नव्या लोकांपैकी बहुतेकांची मागणी एकच असते: "दादा, असा बेल्ट द्या की वेल्डिंग पण निघेल आणि फिनिश पण येईल." असा बेल्ट नसतो. नॉन-वूव्हन बेल्ट धातू काढत नाही म्हटलं तरी चालेल, इतका कमी काढतो. हाच त्याचा गुण आहे. कडा खात नाही, पातळ पत्र्यात खड्डा पाडत नाही, पाइपचा गोलावा बिघडवत नाही. पण म्हणूनच वेल्डचा उंचवटा किंवा खोल ओरखडा त्याच्या आवाक्यात येत नाही.

आणि खरा धोका पुढे आहे. खोल ओरखड्यावर नॉन-वूव्हन बेल्ट फिरवला की ओरखडा गेल्यासारखा दिसतो. गेलेला नसतो. मऊ धागा ओरखड्याच्या आत शिरून तोही भाग मॅट करतो, एवढंच.

भांडुपचा एक तरुण कॉन्ट्रॅक्टर आहे, हात चांगला, मेहनती. सोसायटीच्या जिन्याच्या रेलिंगचं काम त्याने घेतलं होतं. वेल्ड ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने उतरवले आणि थेट निळा नॉन-वूव्हन बेल्ट मारला. मधल्या पायऱ्या गाळल्या, कारण वेळ वाचत होता आणि संध्याकाळी गाळ्यातल्या ट्यूबलाइटखाली काम झकास दिसत होतं. रेलिंग बसवलं. जिन्याला पूर्वेची खिडकी. सकाळी आठच्या उन्हात तिरपा उजेड पाइपवर पडला आणि प्रत्येक जोडाजवळ ८० नंबरचे आडवे ओरखडे नखाने ओढल्यासारखे उठून दिसले. सुपरवायझरने बिल अडवलं. जागेवर जाऊन, पायऱ्यांवर उकिडवं बसून, त्याला सगळे जोड पुन्हा करावे लागले. तीन दिवस गेले, दोन माणसांची मजुरी गेली, आणि भिंतीचा रंग खराब झाला त्याचे पैसे वेगळे कापले.

म्हणून क्रम पाठ करा. वेल्डचा उंचवटा ६० किंवा ८० नंबरने उतरवा. मग १२० नंबरचा एमरी बेल्ट, गरज असेल तर १८०. त्यानंतर नॉन-वूव्हन मीडियम, आणि शेवटी हवं तर व्हेरी फाइन. प्रत्येक पायरीचं काम एकच: आधीच्या पायरीचे ओरखडे पूर्ण घालवणं. ते गेले की नाही हे कळण्यासाठी प्रत्येक नंबरला दिशा बदला. ८० उभा मारला असेल तर १२० आडवा मारा. उभी एकही रेघ दिसत नाही तोवर पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. शेवटचा हात तेवढा ग्रेनच्या दिशेने.

आणि तपासायला मोबाइलचा टॉर्च वापरा. जॉबच्या अगदी जवळ, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, तिरपा धरा. जे ऊन उद्या दाखवणार आहे ते टॉर्च आजच दाखवतो.

रंग आणि ग्रेड

सर्वसाधारणपणे ब्राऊन म्हणजे कोर्स, मरून म्हणजे मीडियम, निळा म्हणजे व्हेरी फाइन आणि राखाडी म्हणजे सुपर फाइन. बहुतेक कंपन्या हीच पद्धत पाळतात, पण सगळ्या नाही, त्यामुळे रंग बघून ऑर्डर देऊ नका, मागे छापलेलं अक्षर वाचा. एमरीच्या नंबरशी थेट बरोबरी होत नाही. ढोबळमानाने मीडियमचा ओरखडा १५० ते १८० नंबरच्या आसपास दिसतो, व्हेरी फाइनचा २४० ते ३२०च्या आसपास. ही तुलना डोळ्याला दिसण्यापुरती. दाब आणि वेग बदलला की तीही बदलते.

रेलिंग आणि किचन टेबलाच्या कामात मरून आणि निळा हे दोनच बेल्ट तुमचं बहुतेक काम काढतील. सुरुवातीला चारही ग्रेडचा साठा करून पैसे अडकवू नका.

आरशासारखं मिरर फिनिश हवं असेल तर हा बेल्ट शेवटचा नाही. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे जी चकाकी येते ती कापडी बफ आणि पॉलिशच्या साबणाची. तो वेगळा धंदा, वेगळा हात. मिररचं गिऱ्हाईक आलं तर सरळ सांगा की आम्ही मॅट आणि सॅटिन करतो.

वेग: अकरा हजार आरपीएमची गोष्ट

या लेखातलं एकच गणित शिकायचं असेल तर हे शिका. बेल्टचा वेग म्हणजे चाकाचा व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम, भागिले ६०. उत्तर मीटर प्रति सेकंद.

स्टेनलेसवर नॉन-वूव्हन बेल्ट साधारण १० ते २५ मीटर प्रति सेकंदात चालवतात. आता हिशोब करा. १०० मिलिमीटरचं रबरी चाक थेट २८८० आरपीएमच्या मोटरवर बसवलं तर वेग येतो सुमारे १५. छान. १५० मिलिमीटरचं चाक त्याच मोटरवर, साडेबावीस. चालेल, पण वरच्या टोकाला. २५० मिलिमीटरचं चाक त्याच मोटरवर लावलं तर जवळजवळ ३८. हे जास्त झालं. तिथे १४४० आरपीएमची मोटर घ्या, वेग १९च्या आत येतो. बजेट असेल तर ड्राइव्ह लावा, वेग बटणावर कमी-जास्त होतो.

आता तुमच्याकडे आहे ते चार इंची ग्राइंडर. त्यावर अकरा हजार आरपीएम छापलेले असतात. चार इंची नॉन-वूव्हन डिस्क त्यावर लावली की कडेचा वेग होतो साधारण ५७ मीटर प्रति सेकंद. म्हणजे जरुरीच्या दुपटीहून जास्त. मग काय होतं? नायलॉन हे शेवटी प्लास्टिक. त्याच्या प्रकारानुसार २२० ते २६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. घर्षणाने धागा वितळतो आणि जॉबवर तपकिरी-काळसर चिकट पट्टा उठतो. लोक म्हणतात "बेल्ट डुप्लिकेट निघाला." बेल्ट बरोबर असतो, वेग चुकलेला असतो. वेग कमी-जास्त करता येणारं ग्राइंडर किंवा पाइप पॉलिशिंगचं बेल्ट मशीन घ्या. साध्या ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा जुगाड मात्र करू नका, तो तेवढ्या लोडसाठी बनवलेलाच नसतो.

उष्णतेचा दुसरा त्रास स्टेनलेसचा स्वतःचा. साध्या लोखंडाच्या तुलनेत स्टेनलेस जेमतेम एक तृतीयांश उष्णता वाहून नेतं. लोखंडात उष्णता पसरते, स्टेनलेसमध्ये ती घासलेल्या जागीच साठते. म्हणून एकाच जागी थांबलात की पिवळा, मग निळा डाग. पातळ पत्रा असेल तर त्याला पोकही येतो. हात हलता ठेवा, दाब कमी ठेवा. नॉन-वूव्हनला दाबून काम लवकर होत नाही, फक्त बेल्ट लवकर संपतो.

कोपरा

व्हिडिओत सगळ्यात जास्त लोकांना आवडलेला भाग हाच, म्हणून थोडं अजून. फॅब्रिकेटर मॅट फिनिशचा, पीव्हीसी फिल्म लावलेला पत्रा किंवा पाइप आणतो. कंपनीतून आलेला ग्रेन एकसारखा, सरळ. ४५ अंशात कापून आर्गन वेल्डिंग केलं की जोडावर दोन ग्रेन काटकोनात भेटतात. गिऱ्हाईक पैसे देतं ते या जोडावरची रेघ सरळ दिसण्याचे.

पद्धत अशी. वेल्ड उतरवून १८०पर्यंत आणा. मग एका बाजूला जोडाच्या रेषेवर बरोबर मास्किंग टेप लावा, शक्यतो दोन पदरी. उघड्या बाजूला तिच्या ग्रेनच्या दिशेने मरून बेल्ट मारा. टेप काढा, आता पूर्ण झालेल्या बाजूवर टेप लावा, आणि दुसरी बाजू तिच्या दिशेने करा. टेपवर बेल्ट चढू द्यायचा नाही. शेवटचे दोन-तीन हात मशीनने न मारता हातात नॉन-वूव्हन पॅड घेऊन, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, एका दमात सरळ ओढले तर रेघ जास्त लांब आणि स्वच्छ येते. हेअरलाइन फिनिशला तर लांब रेघच लागते. बेल्ट मशीनची रेघ तुटक असते, ती जुळवायला हातच लागतो.

नवा बेल्ट पहिली काही मिनिटं जास्त कडक ओढतो. म्हणून तो थेट गिऱ्हाइकाच्या जॉबवर लावू नका, भंगार तुकड्यावर थोडा चालवून शांत करा. आणि एकाच दर्शनी भागाच्या मध्यात बेल्ट बदलायची वेळ येऊ देऊ नका. अर्धं रेलिंग जुन्या बेल्टचं आणि अर्धं नव्याचं असलं की उन्हात फरक दिसतो.

लोखंडाचा बेल्ट स्टेनलेसला लावायचा नाही

स्टेनलेस गंजत नाही कारण त्यातलं क्रोमियम हवेशी मिळून वर अतिशय पातळ थर तयार करतं. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. तुम्ही सकाळी एम.एस.चं गेट घासलं आणि दुपारी तोच बेल्ट एस.एस.च्या रेलिंगवर लावला, तर बेल्टमध्ये अडकलेले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये घुसतात. आठवड्याभरात तांबूस ठिपके. गिऱ्हाईक म्हणतं की तुम्ही ३०४ सांगून हलका माल लावला. माल बरोबर असूनही चोर तुम्ही ठरता.

त्यामुळे बेल्ट वेगळे, त्यांचे डबे वेगळे, आणि जमलं तर मशीनही वेगळं. बेल्टच्या मागे पहिल्याच दिवशी मार्करने "एस.एस." लिहून टाका. एकाच गाळ्यात दोन्ही कामं होत असतील तर एम.एस.च्या ठिणग्या एस.एस.च्या तयार मालावर उडणार नाहीत अशी ताडपत्री किंवा पार्टिशन लावा.

समुद्राच्या हवेत फिनिशला अजून महत्त्व येतं. खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत मीठ आणि ओल अडकते आणि चहासारखे तपकिरी डाग पडतात. समुद्राजवळच्या कामाला खडबडीतपणा ०.५ मायक्रॉन आरएच्या आत ठेवायला सांगतात. खाद्यपदार्थाला लागणाऱ्या पृष्ठभागासाठी ०.८ मायक्रॉन हा आकडा तुम्हाला ड्रॉइंगवर वारंवार दिसेल. आरए मोजायचं छोटं यंत्र मिळतं. रेलिंगवाल्यांना ते लागत नाही, पण फार्माचं काम घ्यायचं असेल तर आधी कुणाकडून तरी तुमचा नमुना मोजून घ्या आणि मगच कोटेशन द्या. डोळ्याने ०.८ ओळखतो म्हणणारे मला भेटलेत. त्यांच्यावर विसंबून कोटेशन देऊ नका.

बेल्ट स्वस्त की काम स्वस्त?

आता पैशांकडे. खालचे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेत, तुमच्या बिलातले आकडे घालून तुम्ही स्वतः करा.

समजा चांगला बेल्ट ४०० रुपयांचा आहे आणि त्यात ४० रनिंग फूट पाइप नीट होतो. फुटाला १० रुपये. कारागिराचा दिवस ९०० रुपये आणि तो दिवसात ६० फूट काढतो. फुटाला १५. गाळ्याचं भाडं आणि वीज मिळून दिवसाला ६०० धरा. फुटाला १०. एकूण ३५ रुपये.

आता समजा स्वस्त बेल्ट २५० रुपयांचा. २० फुटांत संपतो, म्हणजे फुटाला साडेबारा. पण तो हळू कापतो आणि सारखा बदलावा लागतो, म्हणून दिवसात ४५ फूटच होतात. मजुरी फुटाला २० झाली, भाडं-वीज सव्वातेरा-साडेतेरा. एकूण जवळजवळ ४६ रुपये.

बघा, बेल्टच्या खर्चात फरक फक्त अडीच रुपयांचा होता. बाकीचे आठ-साडेआठ रुपये वेळेने खाल्ले. तरीही नव्या माणसाची सगळी घासाघीस माझ्याशी बेल्टच्या ५० रुपयांवर चालते. मी दुकानदार आहे, मला महाग बेल्ट विकायचाय असं वाटेल, म्हणून सांगतो: माझ्यावर विश्वास ठेवू नका. दोन कंपन्यांचा एकेक बेल्ट घ्या, सारख्याच पाइपवर चालवा, किती फूट झाले आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. कधी कधी मधल्या किमतीचा बेल्ट जिंकतो.

दर सांगताना "पॉलिश अमुक रुपये फूट" एवढंच सांगू नका. जोड किती आहेत ते मोजा. सरळ पाइपला लागणारा वेळ आणि कोपऱ्याला लागणारा वेळ यांची तुलनाच नाही. फुटाचा दर वेगळा आणि जोडाचा दर वेगळा लावा. आणि काम घेताना सहा इंची तुकड्यावर फिनिशचा नमुना करून द्या, त्यावर गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घ्या, तसाच दुसरा तुकडा तुमच्याकडे ठेवा. पुढे "आम्हाला असं नको होतं" हा वाद तिथेच संपतो.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की एमएसएमई कायदा, २००६ नुसार मोठ्या कंपनीकडून ४५ दिवसांत पैसे मागायचा तुमचा हक्क सांगता येतो. मशीनसाठी कर्ज हवं असेल तर मुद्राचा शिशु गट ५० हजारांपर्यंत आणि किशोर गट ५ लाखांपर्यंत आहे. पण माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने हातात धरायच्या बेल्ट मशीनवर काढा. मोठं बेंच मशीन घेण्याइतकं काम रोज येतंय हे वहीत दिसू द्या, मग हप्ता सुरू करा.

धूळ

हे शेवटी आलं म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. नॉन-वूव्हन बेल्ट झिजतो म्हणजे धातूबरोबर रेझिन, कण आणि नायलॉन सगळंच हवेत जातं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. एन-९५ मास्क आणि बंद गॉगल प्रत्येकाला, मदतनीसालाही. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, ओढणी, गळ्यातला गोफ, सैल हातमोजे हे बेल्टच्या चाकात ओढले जातात. बाह्या दुमडा, केस बांधा.

अ‍ॅल्युमिनियमचं काम घेणार असाल तर जरा थांबा. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते, हवेत तरंगत असेल तर स्फोट होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये चीनमधल्या कुनशान इथे गाड्यांची अ‍ॅल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साठलेल्या धुळीचा स्फोट झाला आणि शंभरहून जास्त कामगार गेले. तिथेही काम पॉलिशिंगचंच होतं. ज्या मशीनवर लोखंड घासता त्यावर अ‍ॅल्युमिनियम घासू नका, कारण एका बाजूला ठिणगी आणि दुसऱ्या बाजूला भुकटी, दोन्ही एकाच डब्यात जमतात. रोज संध्याकाळी झाडलोट करा, छताच्या कैच्यांवर साठलेली धूळही काढा. कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवायची सवय मोडा.

खरेदी आणि साठवण

पाइप मशीनचे बेल्ट ३० बाय ५३३, ४० बाय ६१८, ४० बाय ७६० अशा मापांत येतात, आतल्या कोपऱ्यांसाठीच्या बारीक फाइल मशीनचा १० बाय ३३०. दुकानात जाताना मशीनचा फोटो नको, जुना बेल्ट घेऊन या. तो कापून लांबी मोजता येते. नागदेवी स्ट्रीटला सगळी मापं मिळतात आणि भावही बरा मिळतो, पण एका वेळी महिन्याभराचाच माल घ्या.

कारण आपला पावसाळा. बेल्ट ओल धरतो, कापडी पाठ वेडीवाकडी होते आणि मशीनवर बेल्ट एका बाजूला पळतो. बंद कपाटात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. खिळ्याला टांगू नका, तिथे घडी पडते आणि बेल्ट तिथूनच तुटतो. चार-पाच इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा भिंतीला ठोकून त्यावर टांगा. मागे बाण छापलेला असेल तर फिरण्याची दिशा तीच ठेवा. जोडाची टेप उचललेली दिसली तर तो बेल्ट मशीनला लावू नका, कापून त्याचे हाताने घासायचे तुकडे करा.

पुढच्या व्हिडिओत रबरी चाक किती मऊ आणि किती कडक घ्यायचं ते बघू. तोपर्यंत एक पाइपचा तुकडा घ्या, ८०, १२०, १८०, मरून, निळा अशा पाच पट्ट्या शेजारी शेजारी मारा, प्रत्येकीखाली मार्करने नाव लिहा आणि तो तुकडा गाळ्यात डोळ्यासमोर टांगा. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात द्या आणि विचारा, यातलं कुठलं हवंय.